प्रश्न पैशाचा होता, मग नंबर तिचा का फिरला?

जुना_टेस्टर (धागाकर्ता)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज झोप येत नाहीये म्हणून बसलोच. मोठं होणार आहे, सवडीने वाचा.

मी पुण्यात अकरा वर्षं गेम टेस्टिंग केलं, आता त्या लाइनमध्ये नाही. माझी भाची कर्वे रोडच्या बाजूला एका कॉलेजात सेकंड इयरला आहे, हॉस्टेलवर राहते आणि मराठीतून मोबाइल गेम्सवर व्हिडिओ करते. चॅनल छोटं आहे पण पोरगी मन लावून करते, दहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी आधी तो गेम वीस-वीस तास खेळते. मागच्या महिन्यात तिने एका नव्या गेमवर व्हिडिओ टाकला. चित्रं सुरेख आहेत पण कंट्रोल अडखळतात, आत्ता पैसे घालू नका, दोन अपडेट येऊ देत, असं. गेम तिला कंपनीकडून फुकट मिळाला होता आणि हे तिने पहिल्याच मिनिटात सांगून टाकलं होतं.

दोन दिवसांनी तिच्या कितीतरी पट मोठ्या चॅनलचा एक मुलगा लाइव्हमध्ये म्हणाला की ही पैसे खाऊन रिव्ह्यू करते, मुलगी आहे म्हणून कंपन्या हिला गेम देतात, सगळा गेमिंग मीडिया असाच विकला गेलाय. त्याच रात्री टेलिग्रामच्या एका ग्रुपवर तिचा नंबर पडला. मग हॉस्टेलच्या गेटचा फोटो. रात्री अडीचला फोन सुरू, उचलला की नुसता श्वासाचा आवाज नाहीतर शिव्या, आणि हिला सकाळी आठला प्रॅक्टिकल. मला फोन केला तेव्हा "मामा, मी त्यात चुकीचं काय बोलले?" एवढंच परत परत विचारत होती. ताई म्हणते चॅनल बंद कर आणि विषय संपव.

आता ऐका. आरोप करणारा हा मुलगा स्वतः गेली दोन वर्षं लाल-हिरव्या रंगावर पैसे लावायच्या अ‍ॅपची लिंक देतोय, काल मी एवढे कमावले म्हणून स्क्रीन दाखवतोय, आणि ही जाहिरात आहे असा एक शब्द कुठे नाही. त्या ग्रुपातल्या एकानेही त्याला विचारलं नाही की बाबा तुला यातले किती मिळतात. जिने पहिल्या मिनिटात खरं सांगितलं तिच्या हॉस्टेलचा फोटो फिरला.

हे मी आधी पाहिलंय, म्हणून जास्त लागलं. २०१४ साली.

ज्यांना गेमरगेट हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. झोई क्विन यांनी २०१३ मध्ये डिप्रेशन क्वेस्ट नावाचा गेम काढला होता, फुकट, ब्राउझरवर चालणारा, जवळजवळ सगळा मजकूरच, नैराश्य आलेल्या माणसाचा दिवस कसा जातो त्यावर. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांच्या आधीच्या प्रियकराने ब्रेकअपनंतर इंटरनेटवर लांबलचक लेख टाकला, त्यात कोटाकू या गेमिंग साइटच्या एका पत्रकाराशी संबंध असल्याचं होतं. लोकांनी लगेच अर्थ लावला की चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात हे झालं. कोटाकूच्या संपादकाने तपासून जाहीर केलं की त्या पत्रकाराने त्या गेमचा रिव्ह्यू कधी लिहिलाच नव्हता. म्हणजे ज्या रिव्ह्यूवरून आग लागली तो रिव्ह्यूच नव्हता! पण तोवर पत्ता, नंबर, खाजगी फोटो सगळं बाहेर पडलं होतं आणि क्विन यांना घर सोडून राहावं लागलं. २७ ऑगस्टला अ‍ॅडम बाल्डविन या नटाने ट्विटरवर गेमरगेट हा हॅशटॅग वापरला आणि तिथून या सगळ्याला नाव मिळालं, झेंडा मिळाला. झेंड्यावर लिहिलं होतं 'गेमिंग पत्रकारितेतली नैतिकता'.

मग अनिता सार्कीजियन. त्या पत्रकार नव्हत्या, रिव्ह्यू लिहीत नव्हत्या, गेम्समध्ये बायका कशा दाखवतात यावर व्हिडिओ करायच्या, २०१२ मध्ये त्यासाठी लोकांकडून ६ हजार डॉलर मागितले होते तर दीड लाखाच्या वर जमले, तेव्हापासूनच काहींचा राग होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा स्टेट युनिव्हर्सिटीत त्यांचं भाषण ठरलं होतं, गोळ्या घालू अशी धमकी आली, आणि त्या राज्याच्या कायद्यामुळे परवाना असलेल्याला बंदूक घेऊन आत येण्यापासून पोलीस अडवू शकत नव्हते म्हणून त्यांनी भाषण रद्द केलं. त्याच महिन्यात ब्रियाना वू या गेम डेव्हलपर बाईंनाही धमक्यांमुळे घर सोडावं लागलं. आता यातल्या कुणी कुठला खोटा रिव्ह्यू लिहिला होता हो?

मी तेव्हा टेस्टिंगलाच होतो. कॅन्टीनमध्ये रोज हाच विषय, आणि आम्ही बहुतेक सगळे म्हणायचो की पद्धत चुकली असेल पण मुद्दा बरोबर आहे. आमच्या टीममध्ये एकच मुलगी होती, आमच्यातली सगळ्यात बारीक नजरेची टेस्टर. त्या काळात तिने ऑनलाइन खेळताना माइक चालू करणं बंद केलं. मी एकदा विचारलं का गं, तर म्हणाली काही नाही रे, असंच. मी तिथेच सोडून दिलं. ते माझ्या डोक्यातून जात नाही, आणि भाचीचा फोन आला तेव्हा पहिली आठवण तीच आली.

तुमच्यापैकी जे गेम खेळतात त्यांनी बोला.

भाकरतुकडा

वाचून काटा आला. मला गेम्समधलं काही कळत नाही पण माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, सिंहगड रोडला राहतो आम्ही, दिवसभर हेच व्हिडिओ बघत असतो. मला भीती वाटते ती दोन्ही बाजूंनी, त्याला कुणी त्रास देईल ही पण आणि तो कुणाला देईल ही पण. भाचीला सांगा इथे एक मावशी आहे म्हणून. कधी जेवायला यायचं असेल तर खरंच ये म्हणावं.

सरळबोल्या

काका तुमच्या भाचीबरोबर झालं ते शंभर टक्के चूक आणि त्या पोरांना आत टाकलं तरी माझं काही म्हणणं नाही, पण २०१४ बद्दल तुम्ही एकच बाजू मांडताय असं मला वाटतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, कात्रजला रूमवर चार जण आणि एकच लॅपटॉप, मी रेडिटवरच्या गेमरगेटच्या ग्रुपवर रोज असायचो आणि मी आयुष्यात कुणाला धमकी दिलेली नाही. आम्हाला राग होता आणि तो खरा होता. २०१२ ला तो प्रसिद्ध गेमिंग अँकर चिप्सची पाकिटं आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या मधे बसून मुलाखत देतानाचा फोटो सगळ्या जगाने बघितला, त्यावर एका ब्रिटिश साइटवर लिहिणाऱ्या स्तंभलेखकाचा मजकूर कायदेशीर कारवाईच्या भीतीने कापला गेला आणि त्याने ते सदरच सोडलं, मग आम्ही काय समजायचं? आणि मग २८ ऑगस्ट २०१४ च्या आसपास एकामागून एक साइटवर लेख आले की गेमर ही ओळखच आता संपली. मी गावाकडचा मुलगा, इंग्लिश धड येत नव्हतं, कॉलेजात कुणी बोलायचं नाही, ती एकच जागा होती जिथे मी चांगला होतो, आणि ज्यांचे लेख वाचून मी इंग्लिश शिकलो तेच लोक म्हणतायत की तुमची गरज नाही. ते लागलं होतं मनाला. आणि त्या दबावामुळेच कोटाकूने स्वतःच्या लेखकांना सांगितलं ना की डेव्हलपर्सना पॅट्रिऑन या वर्गणी देण्याच्या साइटवरून पैसे देऊ नका, पॉलिगॉन या दुसऱ्या गेमिंग साइटने हितसंबंध उघड करायला लावले ना? म्हणजे काहीच नव्हतं असं नाही.

जुना_टेस्टर

सरळबोल्या, मनापासून लिहिलंस म्हणून तसंच उत्तर देतो. कात्रजच्या रूमवरचं तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. तो अपमान खरा होता, ते लेख मीही वाचले होते आणि मलाही चिडायला झालं होतं. पॅट्रिऑनचा नियम आला तेही बरं झालं.

पण तू काय विसरतोयस ते सांगतो. ज्या आठवड्यांत हे सगळं पेटलं होतं त्याच आठवड्यांत, सप्टेंबर २०१४ च्या शेवटी, शॅडो ऑफ मॉर्डॉर हा गेम आला. वॉर्नर ब्रदर्सने एका जाहिरात एजन्सीमार्फत यूट्यूबवाल्यांना पैसे दिले, कुणाला शेकड्यांत तर कुणाला हजारो डॉलर. अटी काय होत्या? चांगलंच बोलायचं. बग, म्हणजे गेममधले दोष, दाखवायचे नाहीत. आणि जाहिरात असल्याचं लिहायचं ते व्हिडिओखालच्या डिस्क्रिप्शनमध्ये, जिथे 'आणखी दाखवा' दाबल्याशिवाय दिसतच नाही. यात प्यूडीपाय हा जगप्रसिद्ध यूट्यूबरसुद्धा होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर कारवाई करून जुलै २०१६ मध्ये वॉर्नरशी समझोता केला तेव्हा सांगितलं की हे व्हिडिओ ५५ लाखांहून जास्त वेळा पाहिले गेले होते. हा खरा भ्रष्टाचार, करारावर सही केलेला, पैशांचा हिशोब असलेला, आणि तुमच्या नाकासमोर चाललेला. टोटलबिस्किटसारख्या यूट्यूबवाल्यांनी तेव्हा त्याबद्दल आवाज उठवला, ते मान्य. पण वॉर्नरच्या कुठल्या साहेबाला घर सोडून पळावं लागलं? कुणाच्या मुलाबाळांचे फोटो फिरले? नाही ना. फिरायलाही नकोच होते म्हणा. पण मग फुकट गेम बनवणाऱ्या एका व्यक्तीचेच का फिरले?

आणि २००७ घे. जेफ गर्स्टमन. गेमस्पॉटवर केन अँड लिंच या गेमला त्याने दहापैकी सहा दिले, आणि त्या वेळी अख्ख्या साइटवर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. माणसाला काढून टाकलं. २०१२ पर्यंत त्याला त्याबद्दल तोंड उघडता आलं नाही. काही सहकाऱ्यांनी त्याच्यापाठोपाठ नोकरी सोडली, पुढे त्यांनी मिळून जायंट बॉम्ब काढलं. वाचक तेव्हाही चिडले होते, पण चिडले ते साइटवर, कंपनीवर. म्हणजे नैतिकतेसाठी भांडायचं कसं हे गेमर्सना २००७ मध्ये येत होतं.

मोर्चात तू दगड मारला नाहीस हे मला पटतं. पण मोर्चा कुणाच्या दारावर चाललाय हे बघायची जबाबदारी चालणाऱ्या प्रत्येकाची असते. माझीही होती, मी तर कॅन्टीनमध्ये बसून होतो.

शाईचे_हात

गेम्स मी खेळत नाही. तीस वर्षं मराठी वृत्तपत्रात डेस्कवर काढली, आता निवृत्त, सकाळी पर्वती आणि दुपारी हे संस्थळ. पण हा धागा माझ्या धंद्याचा आहे म्हणून लिहितो.

पत्रकार परिषदेत पाकीट मिळतं हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्रात पेड न्यूज इतकी उघड झाली की प्रेस कौन्सिलला उपसमिती नेमावी लागली आणि २०१० मध्ये त्यांनी जो अहवाल तयार केला तो आधी पूर्ण छापायचंसुद्धा टाळलं गेलं, नावं होती ना त्यात. सांगायचं काय, पैसे देणारा वर असतो, घेणारा मालक असतो, आणि लोकांच्या तोंडी सापडतो तो जिल्ह्याचा वार्ताहर, ज्याला महिन्याला धड पगार नाही. वाचकाला दिसतं ते नाव बायलाइनचं. जाहिरात विभागातल्या माणसाचं नाव कुठे छापतात? तुमच्या त्या गेमिंग साइटचंही तेच झालं असणार असं वाचताना वाटत होतं.

आता माझी स्वतःची गोष्ट. ऑगस्ट २०१७, मुलांना जीव द्यायला लावतो म्हणून गाजलेल्या ब्लू व्हेल या गेमचे दिवस. सोलापूरचा १४ वर्षांचा मुलगा घरातून निघून पुण्याच्या बसमध्ये बसला होता, पोलिसांनी त्याला भिगवणला उतरवून घेतलं. पोरगं सुखरूप मिळालं ही बातमी होती. आम्ही काय छापलं? गेमने पछाडलेला मुलगा, मृत्यूचा खेळ, असलं. त्या काळात पन्नास पायऱ्यांच्या त्या गेमचं वर्णन आम्ही चौकटी करकरून दिलं, कुठली पायरी काय, शेवटी काय. लिंक कुठली हे कुणालाच माहीत नव्हतं, गेम कुणी पाहिलेला नव्हता, मीही नाही. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की चौकशी केलेल्या मृत्यूंपैकी एकाचाही त्या गेमशी संबंध सिद्ध झालेला नाही. ती बातमी आम्ही आतल्या पानावर दोन परिच्छेदांत घेतली. मीच लावलं होतं ते पान. आदल्या मथळ्याला जेवढी जागा दिली होती तेवढी याला द्यायला हवी होती, आणि मला त्या रात्री ते कळतही होतं, पण मी बोललो नाही.

माध्यमांची नैतिकता म्हणजे मला वाटतं अशा रात्री कोण बोलतं त्यावर आहे. त्यामुळे पोरं आमच्यावर विश्वास ठेवत नाहीत याचं मला नवल वाटत नाही, सरळबोल्या यांचा राग मला कळतो. फक्त तो राग घेऊन माझ्याकडे यायला हवं होतं, त्या मुलीकडे नाही.

पिक्सेल_पुणे

शाईचे_हात, प्रतिसाद फार आवडला, वाचनखूण साठवली.

मी गेम आर्टिस्ट आहे, बाई आहे, पुण्यातच काम करते. दोन गोष्टी सांगते, दोन्ही २०२० च्या.

ऑगस्ट २०२० मध्ये राजी आला, नॉडिंग हेड्स गेम्सचा, आपल्या पुण्याचा स्टुडिओ. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, जमले नव्हते, तरी गेम पूर्ण केला आणि वर्षाअखेरीस गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या यादीत नाव आलं. आम्ही सगळे इतके खूश होतो की ज्यांना ओळखत नव्हतो त्यांनाही मेसेज केले. त्या गेमवर टीकाही झाली, लढाई तीचतीच वाटते, शेवट अचानक येतो, आणि ती टीका वाचून कुणाला वाईट वाटलं नाही. रिव्ह्यू असाच असतो.

मग सप्टेंबरमध्ये यूबीसॉफ्टने प्रिन्स ऑफ पर्शिया सँड्स ऑफ टाइमच्या रिमेकचा ट्रेलर दाखवला, पुणे आणि मुंबई स्टुडिओंचं काम. ट्रेलर जुनाट दिसत होता, ते लोक म्हणाले आणि बरोबर म्हणाले, मी आर्टिस्ट म्हणून सांगते की चेहऱ्यांवरचा प्रकाश मलाही खटकला. पण कमेंट्स प्रकाशावर थांबल्या नाहीत. भारतीय आहेत म्हणून असं, स्वस्तातली माणसं, कॉल सेंटरवाले, आणि मग जे शब्द आले ते इथे लिहीत नाही. गेम आधी जानेवारी २०२१ ला येणार होता, मग मार्च, मग तारीखच नाही, आणि मे २०२२ मध्ये काम त्यांच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं. मी त्या टीममध्ये नव्हते. पण बाणेर-बालेवाडीत या कामातली माणसं एकमेकांना ओळखतात, एकमेकांची लग्नं जेवलेली असतात. कुणी कुणी महिनाभर लिंक्डइनवरून स्टुडिओचं नाव काढून ठेवलं होतं हे मला माहीत आहे. वय पंचवीस-सव्वीस. तारीख, बजेट, कुठला भाग किती महिन्यांत द्यायचा, यातलं काहीच त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

अजून एक, रिव्ह्यूच्या आकड्याबद्दल. फॉलआउट न्यू वेगास या गेमच्या वेळी ऑब्सिडियन स्टुडिओला बोनस मिळणार होता तो मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या साइटवर, ८५ झाले तर. झाले ८४. एका आकड्याने गेला बोनस, हे त्यांच्याच क्रिस अ‍ॅव्हेलोनने २०१२ मध्ये सांगितलं. म्हणजे कुठेतरी कुणीतरी घाईत दहापैकी सात की आठ असं ठरवतो आणि कुणाचातरी बोनस जातो. माध्यमांच्या नैतिकतेवर भांडायचंय ना, तर इथे भांडा! अशा करारांवर, आकड्यांवर, रिलीजच्या आदल्या रात्रीपर्यंत तोंड बंद ठेवायला लावणाऱ्या एम्बार्गोवर. याच्यावर कुणी हॅशटॅग काढला असता तर मी सगळ्यात पुढे उभी राहिले असते.

आणि धागाकर्ते, तुमच्या त्या टीममधल्या मुलीबद्दल. मीसुद्धा माइक लावत नाही. बारा वर्षं झाली. 'असंच' म्हणजे असंच नसतं.

सरळबोल्या

मेटाक्रिटिकचं माहीत होतं पण असा विचार नव्हता केला. मॉर्डॉरचं मला तेव्हा कळलं होतं, ऑक्टोबरमध्ये ग्रुपवर पोस्ट आली होती, दोन दिवस चर्चा झाली आणि मग परत क्विन, परत सार्कीजियन. आत्ता तुमचं वाचून आठवलं. दोन दिवस. इंटेलने त्याच वेळी गॅमासूत्रा या गेमर संपले असा लेख छापणाऱ्या साइटवरच्या जाहिराती थांबवल्या, आम्ही सगळ्यांनी ईमेल पाठवले होते म्हणून, मीही पाठवला होता कात्रजहून, आणि तेव्हा मला वाटलं होतं केवढी ताकद आहे आपल्यात. जाहिरातदाराने लेख आवडला नाही म्हणून पैसे काढून घ्यावेत हीच तर आमची तक्रार होती ना गर्स्टमनच्या वेळी, आणि आम्ही तेच करायला लावलं आणि टाळ्या वाजवल्या. हे मला आज टाइप करताना लक्षात येतंय.

तरी माझं एक म्हणणं मी सोडत नाही. गेमर म्हटलं की सगळे तसलेच असं लिहिणं बंद व्हायला हवं. कात्रजच्या रूमवरची पोरं तशी नव्हती.

जुना_टेस्टर

नव्हती. मान्य आहे, आणि ते मी कधी लिहिणारही नाही.

काळा_कोट

वकील आहे, शिवाजीनगरला प्रॅक्टिस करते. भावना बाजूला ठेवून कामाचं लिहिते, कारण या मुलीला आत्ता त्याची गरज आहे.

आधी कायदा. बरेच जण अजून आयटी कायद्याचं कलम ६६अ म्हणतात, ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय, तक्रारीत लिहू नका. वारंवार फोन, पाठलाग, ऑनलाइन नजर ठेवणं याला भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. निनावी धमकीला ३५१. अश्लील मजकूर असेल तर आयटी कायद्याचं ६७. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नोंदवा आणि शिवाय सायबर पोलीस स्टेशनला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. हॉस्टेलच्या रेक्टरलाही लेखी द्या, तोंडी नको.

आता त्या मोठ्या चॅनलबद्दल. भारतात जाहिरात लपवणं गुन्ह्यासारखंच महाग पडू शकतं. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलची इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली २०२१ पासून आहे, ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या, आणि त्यात फुकट मिळालेली वस्तूसुद्धा सांगावी लागते. म्हणजे ताईंच्या मुलीने पहिल्या मिनिटात जे केलं ते नियमाप्रमाणे अगदी बरोबर आहे, हे तिला जरूर सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड, परत केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिरात करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत बंदी येऊ शकते. पैसे लावायच्या गेम्सचा तर ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळाच कायदा संसदेने केलाय, त्यात अशा अ‍ॅपची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तर नैतिकतेचा प्रश्न ज्यांना खरंच पडलाय त्यांनी त्या चॅनलचे व्हिडिओ सेव्ह करून तक्रार करा. त्या मुलाचा पत्ता, नंबर, घर मात्र कुणीही इथे टाकू नका. टाकलंत तर मी स्वतः संपादकांना कळवीन.

भाकरतुकडा

काल रात्री मुलाला शेजारी बसवून हा धागा वाचून दाखवला. कायद्याचं ऐकून गप्प झाला. मग म्हणाला आई तो रंगवाला अ‍ॅप आमच्या वर्गातले दोघं खेळतात. मी आज शाळेत जाऊन आले.

सतरा_पूर्ण

मी हा आयडी आजच काढलाय. मी बारावीला आहे, कोथरूडला राहतो. मी त्या टेलिग्राम ग्रुपमध्ये होतो.

मी फोन केला नव्हता. पण नंबरचा स्क्रीनशॉट मी दुसऱ्या दोन ग्रुपवर पाठवला होता, खाली हसणारी इमोजी टाकून. मला वाटलं सगळे पाठवतायत. तिचा व्हिडिओ मी बघितलाच नव्हता तेव्हा. काल बघितला आणि पहिल्या मिनिटात ती सांगते की गेम फुकट मिळालाय. मी तीन वेळा मागे घेऊन बघितलं. मला वाटलं होतं ती लपवतेय. त्या दादाने लाइव्हमध्ये तो भाग दाखवलाच नव्हता.

मला काय करायचं ते कळत नाहीये. घरी सांगितलेलं नाही.

शाईचे_हात

बाळा, तू मूळ व्हिडिओ जाऊन बघितलास. आमच्या डेस्कवर ब्लू व्हेलच्या महिन्यात ते एकानेही केलं नव्हतं. आता घरी सांग. आधी आईला सांग.

जुना_टेस्टर

सतरा_पूर्ण, तुझं वाचून मी तासभर काही लिहिलं नाही, कारण पहिल्यांदा राग आला आणि रागात लिहायचं नव्हतं. तिने सतरा रात्री नीट झोप घेतलेली नाही. तुझ्या त्या दोन ग्रुपवरून किती फोन आले कुणास ठाऊक. हे तुला माहीत असायला हवं म्हणून लिहितोय, तुला जाळायला नाही.

भाचीला मी हा धागा आज पाठवला. तुझी पोस्ट तिने वाचली. तिचा निरोप जसाच्या तसा देतो: त्याला विचार त्याच्याकडे त्या रात्रीचे स्क्रीनशॉट आहेत का, नंबर सगळ्यात आधी कुणी टाकला ते दिसतंय का, कारण ग्रुप आता डिलीट झालाय आणि पोलिसांकडे माझ्याकडून फक्त कॉल लॉग आहे.

चॅनलचं तिने अजून काही ठरवलेलं नाही. ताई अजून बंदच कर म्हणते, आणि मी ताईला चूक म्हणू शकत नाही, अडीचला मुलीचा फोन वाजतो तेव्हा जाग तिलाही असते.

सतरा_पूर्ण

आहेत. अकरा आहेत. पहिला कुणी टाकला ते पण आहे. आईला सांगितलं आत्ता. ती रडली पण म्हणाली दे.

काळा_कोट

काही क्रॉप करू नकोस, नावं झाकू नकोस, एडिट तर अजिबात नको. वरची वेळ आणि तारीख दिसायला हवी. मूळ फोनमध्येच राहू देत, फोन फॉरमॅट करू नकोस, आणि ग्रुपचं जुनं नाव, लिंक आठवत असेल तर कागदावर लिहून ठेव. तू १८ च्या आतला आहेस म्हणून आईला बरोबर घेऊनच ये, एकटा पोलीस स्टेशनला जाऊ नकोस. तुझं वकीलपत्र मी घेईन, फी नको. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

सतरा_पूर्ण

व्यनि मिळाला. उद्या क्लास सुटला की चार वाजता येतो, आई पण येतेय.